अकरा चोचींची डिस्टिलरी

दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोडेबाजार भरतो. कुठून कुठून माणसं येतात. घोड्याचे दात बघतात, खूर उचलून बघतात, अंगावरचे भोवरे शोधतात आणि मोटारीच्या किमतीत घोडा घेऊन जातात. नोकरीतनं निवृत्त झालो त्या वर्षी मीही त्या गर्दीत दिवसभर हिंडलो. एका पांढऱ्याशुभ्र घोड्यानं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं. साखर कारखान्याचं निवृत्तिवेतन किती असतं हे त्यालाही ठाऊक असावं, कारण लगेच त्यानं मान फिरवली. संध्याकाळी मी घरी आलो तो डालग्यात अकरा कोंबड्या घेऊन. दहा तलंगा आणि एक कोंबडा. काही गावरान, काही गिरिराज आणि एक अशी, की जिच्या जातीबद्दल विकणारासुद्धा काही बोलेना.

बायकोनं डालग्यात डोकावून पाहिलं.

"घोडा बघायला गेला होता ना?"

"हो."

"मग स्वस्तात सुटलो," ती म्हणाली आणि आत गेली. तिच्या अंदाजात अशी चूक सहसा होत नाही.

माझी सगळी नोकरी जवळच्या एका कारखान्याच्या डिस्टिलरीत गेली. 33 वर्षं मी एकच काम केलं. मळी आंबवली. उसाच्या रसातली साखर काढून घेतली की तळाशी जो काळा, दाट, चिकट ऐवज राहतो ती मळी. तिच्यात निम्म्याच्या आसपास साखर असतेच, पण ती दाण्यात यायला तयार नसते. मग त्या मळीत पाणी घालायचं, यीस्ट सोडायचं आणि टाकीचं तापमान 33-34 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. यीस्ट साखर खातं आणि मोबदल्यात अल्कोहोल देतं. त्या अल्कोहोलची काळजी पूर्वी पिणाऱ्याच्या बायकोला असायची. हल्ली ते पेट्रोलमध्ये मिसळतात, त्यामुळं मोटारीच्या मालकालाही असते.

या उद्योगाला वास असतो. वारा कारखान्याकडनं सुटला की पाहुणे नाकाला रुमाल लावतात आणि अकलूजकर समाधानानं म्हणतो, "गळीत सुरू झालं." माळीनगरचा कारखाना 1930च्या दशकातला, म्हणजे इकडच्या तीन-चार पिढ्या तो वास घेतच मोठ्या झालेल्या. बाहेरच्याला तो कुजल्याचा वाटतो. आम्हाला तो उसाच्या बिलाचा वाटतो.

सांगायचं हे, की आंबवणं हा विषय मला कुणी शिकवावा अशी वेळ माझ्यावर कधी येईल असं मला वाटलं नव्हतं. ती वेळ भाच्यानं आणली. भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे आणि बंगल्याच्या मागं चार कोंबड्या पाळून आहे. तो संक्रांतीला आला, माझ्या खुराड्यापुढं उभा राहिला आणि मी परातीत घातलेल्या कोरड्या भरड्याकडं बघून म्हणाला, "मामा, तुम्ही अजून कोरडंच घालता? आंबवून घाला ना. कसं आंबवायचं ते सांगू का?"

तीळगूळ माझ्या घशात अडकला.

*

माझ्या कोंबड्यांची ओळख करून द्यायला हवी. नावं ठेवण्यात मी फार डोकं चालवलं नाही. कोंबड्याचं नाव भोंगा, कारण कारखान्याच्या भोंग्याशी त्याचं जमत नाही. तो भोंग्याच्या आधी अर्धा तास वाजतो आणि भोंगा झाला की आपलं चुकलं म्हणून परत वाजतो. कोंबड्यांमध्ये मिल, टर्बाइन, चिमणी (ही कोंबडी असून चिमणी, कारण मान फार उंच), आणि बॉयलर. बॉयलर अंगानं गोल आणि स्वभावानं गरम. ती खुडूक बसली की कारखाना बंद. तिच्याखाली हात घालून अंडं काढणं हे काम मी संरक्षक हातमोजे घालूनच करतो.

या सगळ्या मंडळींचं खाणं दांडगं होतं. मका भरडा, ज्वारी, बाजरी, गव्हाची कणी, मूठभर शेंगदाण्याची पेंड, शिंपल्यांचा चुरा. यातलं निम्मं पोटात आणि निम्मं जमिनीत जायचं. कोंबडी आधी पायानं उकरते आणि मग खाते. परातीतलंसुद्धा उकरते. पीठ तर ती खातच नाही, ते ती उडवते. माझ्या वहीप्रमाणे पहिल्या तीन महिन्यांत एक अंडं मला 23 रुपयांना पडलं. बाजारात त्याच्या पाव किमतीत मिळत होतं आणि ते टोचत नव्हतं.

म्हणून भाच्याचं म्हणणं मी मनातल्या मनात तपासून पाहिलं, आणि चीड येण्यासारखी गोष्ट अशी, की ते बरोबर होतं.

दाणा शेतातनं येतानाच अंगावर लॅक्टोबॅसिलसच्या घराण्यातले जिवाणू घेऊन येतो. दह्यात जे असतात त्यांचे हे चुलतभाऊ. दाणे पाण्यात बुडवून ठेवले की हवेवर जगणारे इतर जंतू गुदमरतात आणि ही मंडळी कामाला लागतात. साखर खाऊन आम्ल तयार करतात. तीन दिवसांत पाण्याचा सामू चारच्या आसपास उतरतो, आणि एवढ्या आंबटात रोगजंतूंना बिऱ्हाड करणं अवघड जातं. दुसरं असं, की धान्यातलं बरंचसं फॉस्फरस फायटिक आम्लाच्या कुलपात बंद असतं. त्याची किल्ली कोंबडीच्या पोटात पुरेशी नसते. आंबताना ते कुलूप बरंच सैल होतं. तिसरं आणि माझ्या वहीच्या दृष्टीनं महत्त्वाचं, म्हणजे भिजलेला दाणा फुगतो आणि भिजलेलं पीठ उडत नाही.

म्हणजे हे यीस्टचं नाही, दह्याचं काम. डिस्टिलरीत आम्ही याच जिवाणूंना 33 वर्षं शिव्या दिल्या. टाकीत ते शिरले की आंबटपणा वाढायचा, अल्कोहोल घटायचं आणि वरून फोन यायचा. ज्यांना मी जन्मभर हाकललं त्यांनाच आता घरी बोलवायचं होतं. त्यांनी ते लक्षात ठेवलं असणार.

*

बॅच क्रमांक 1 पौषात लागली. धातूचं भांडं आम्लाला चालत नाही म्हणून मी लोणच्याची चिनी मातीची बरणी घेतली. ती सासूबाईंची होती, म्हणजे माझ्या आईची, हे मला नंतर तपशीलवार सांगण्यात आलं. बरणी परत गेली आणि झाकणाची निळी बादली आली. दोन किलो धान्य, वर चार बोटं पाणी. वहीत तारीख, वेळ, सामू, तापमान, शेरा असे रकाने पाडले. सामूच्या पट्ट्या घरात होत्याच. निवृत्त होणारा माणूस कार्यालयातनं शाल, नारळ आणि थोडं सामान घेऊनच बाहेर पडतो.

तीन दिवस सामू ढिम्म हलेना. एक तर थंडी. दुसरं, पाणी नळाचं ताजं. त्यात क्लोरीन असतं ते जंतू मारायलाच. माझे कोणते आणि परके कोणते हे ते विचारत बसत नाही. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं हे मला चांगलं माहीत होतं. पण कोंबड्यांसाठी कोण एवढं करतो, असं मी स्वतःशी म्हणालो होतो. चौथ्या रात्री मी बादलीला माझी गोधडी गुंडाळली.

"दह्याला मी कधी तुमची गोधडी मागितली नाही," बायको म्हणाली.

रात्री दोनला थंडीनं जाग आली तेव्हा तापमान बघायला उठलो. गोधडीत बादली होती आणि बादलीच्या झाकणावर मांजर. सकाळी थोडा वास आला, पण तो मांजराचा होता.

बॅच क्रमांक 2 माघात. या खेपेला पाणी शिळं घेतलं, पण दोन दिवस एका लग्नाला बार्शीला गेलो. आलो तो दाण्यांनी सगळं पाणी पिऊन टाकलेलं, मक्याचा भरडा पाण्याच्या वर आलेला आणि त्यावर हिरवट लव. बुरशी. इथं विनोद संपतो. मक्यावरच्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन तयार करतात आणि ते कोंबडीच्या यकृताला सोडत नाही. वरचं खरवडून खालचं घालू, असला काटकसरी विचार करायचा नसतो. मी परसात खड्डा खणला, सगळं पुरलं, वर दगड ठेवला. भोंगा त्या दगडावर चढला आणि एखाद्या स्मारकाचं उद्घाटन केल्यासारखा आरवला.

बॅच क्रमांक 3 च्या वेळी माझ्यातला डिस्टिलरीवाला जागा झाला. प्रक्रिया मंद चालली असेल तर साखर वाढवा, हे आमचं पहिलं सूत्र. डबाभर मळी कुणाकडनंही मिळाली असती, पण मळीची वाहतूक राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यानं होते आणि म्हातारपणी त्या खात्याशी नव्यानं ओळख करून घ्यायची माझी इच्छा नव्हती. म्हणून अर्धा किलो गूळ घातला. फाल्गुन निघाला होता, ऊन चढलं होतं. दुसऱ्या दिवशी बादली बोलायला लागली. बुडबुडे, फेस, झाकण आपोआप वर. मी झाकण काढलं आणि एका क्षणात 33 वर्षं मागं गेलो. तोच गोडसर, डोक्यात जाणारा वास. यीस्ट मला विसरलं नव्हतं.

दिवेलागणीला शेजारचे दादा कुंपणाशी आले.

"साहेब, वास येतोय."

"कोंबड्यांचं खाद्य आहे, दादा."

"व्हय व्हय. खाद्यच म्हनायचं त्याला." ते थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "जरा चव बगाया मिळंल का?" त्यांचा हात मागं होता आणि हातात स्टीलचा पेला होता.

दारूबंदीचा आपला कायदा 1949 सालचा. तो माझ्या परसात अक्षरशः पाळला गेला. परात ठेवल्यावर अकराही जण आले, वाकले, आणि एकमतानं मागं फिरले. बॉयलरनं तर परातीकडं पाठ करून माती उडवली. आंबवलेल्या खाद्याला वास आला पाहिजे तो दह्याचा. गुत्त्याचा आला तर बॅच बिघडली, हे कोंबड्यांना माझ्या आधी कळलं. दादा मात्र दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते.

*

आता बातमी गल्लीत गेली होती, आणि मला एक शोध लागला. अकलूजमध्ये आंबवणं येत नाही असा माणूसच नाही. 2021 साली इथल्या ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, पण प्रत्येकाच्या दारामागं काही ना काही आंबत असतंच.

पहिले आले ते मुरघासवाले. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर त्यांचा मका असतो आणि गोठ्यात बारा संकरित गाई. दाणा चिकात असताना मका कापतात, कुट्टी करतात, पिशवीत दाबून दाबून भरतात आणि तोंड बांधतात. पंचेचाळीस दिवसांनी आत मुरघास तयार. हिरवट-सोनेरी, आंबटगोड. माझी बादली बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"केमिस्टसाहेब, दिसातनं किती येळा उघडताय?"

"तासाला एकदा. नोंद ठेवायला."

"हितंच चुकतंय. हवा लागली की गेलं. एकदा बांधलं की बांधलं. पंचेचाळीस दिस तिकडं बगायचंबी न्हाई."

दुसरे जीवामृतवाले. सुभाष पाळेकरांचं नैसर्गिक शेतीचं शिबिर केल्यापासून हे गृहस्थ रासायनिक खताच्या दुकानासमोरून जाताना तोंड फिरवतात. 200 लिटरच्या पिंपात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. "झाकून ठेवता?" ते दचकले. "अहो, जीव आहे त्यात. त्याला श्वास नको? सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. आणि घड्याळाच्या दिशेनंच." मी उलट्या दिशेनं ढवळलं तर काय होईल असं विचारलं. ते नुसते माझ्याकडं बघत राहिले.

तिसरे नाश्त्याच्या गाड्यावाले. त्यांच्या इडलीचं पीठ रात्री पातेल्यात ठेवतात ते सकाळी झाकण घेऊन वर येतं. "उन्हाळ्यात मीठ वाढवा, साहेब. थंडीत हातानं कालवा. हाताची ऊब लागते." कुणाच्या हाताची हे विचारायचं राहिलं.

चौथी आमच्या घरातलीच. चैत्र लागला की तिच्या कुरडया असतात. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळत ठेवायचा, वरचं पाणी ओतून खालचा घट्ट चीक शिजवायचा आणि पहाटे गच्चीवर सोऱ्यानं घालायचा. सात-आठ बायका लागतात आणि एक पुरुष, कावळे हाकायला. तो मी. खरं सांगायचं तर कुरडईचं मला एवढं कौतुक नाही. माझा जीव भुसवडीत. तिखट, लसूण, जिरं घातलेली, वाळवलेली, पावसाळ्यात तळून भाताबरोबर चुरून खायची. पण भुसवडी मागायची तर कावळे हाकावे लागतात.

"तुम्ही पाणीच बदलत नाही," ती म्हणाली. "मग घाण वास येणार नाही तर काय? गव्हाचं मी रोज बदलते."

चौघांचं ऐकून माझी अवस्था, चार नवऱ्या मुलांचे बाप एकाच वेळी बैठकीला आल्यासारखी झाली. एक म्हणतो उघडू नका, दुसरा म्हणतो ढवळा, तिसरा म्हणतो मीठ घाला, चौथी म्हणते पाणी फेका. आणि गंमत म्हणजे चौघांचंही सोळा आणे खरं. मुरघास उघडा राहिला तर कुजतो. जीवामृताला हवा नसेल तर ते सडतं. कुरडईचं पाणी बदललं नाही तर चीक काळपट होतो. आणि मळीत यीस्टऐवजी दह्याचे जिवाणू शिरले तर केमिस्टला वरून फोन येतो. प्रत्येकजण आपल्या पातेल्यापुरता वेदमूर्ती. चुकलो होतो मी एकटा, कारण मी मळीचे वेद बादलीत म्हणत होतो.

बॅच क्रमांक 4 मी बादलीला विचारून केली. शिळं पाणी. अख्खी ज्वारी, अख्खा गहू, बाजरी आणि थोडा मका, म्हणजे लगदा होत नाही. वर उपडी ताटली आणि त्यावर धुतलेला दगड, म्हणजे दाणे पाण्याखालीच राहतात. झाकण सैल, म्हणजे वायू बाहेर पडतो. दिवसातनं दोनदा ढवळायचं, दोन्ही दिशांनी, म्हणजे कुणाचा अपमान नको. मीठ नाही. पाणी टाकायचं नाही, कारण तेच तर भांडवल. दाणे उपसून घ्यायचे आणि त्याच आंबट पाण्यात पुढचे दाणे टाकायचे, म्हणजे दुसरी खेप लवकर तयार होते.

हे शेवटचं मी बायकोला जरा अभिमानानं समजावून सांगितलं.

"म्हणजे विरजण," ती म्हणाली.

"तसं म्हणता येईल."

"मग तीन महिने काय करत होता?"

उष्म्यानं दोन दिवसांत काम झालं. सामू 4. वास ताकाचा. दाणा बोटानं दाबला तर मऊ. शेऱ्याच्या रकान्यात मी "उत्तम" असं लिहिलं आणि खाली सही केली. दाणे निथळले, परात भरली आणि खुराड्याचं दार उघडलं.

कोंबडीच्या जिभेवर चवीच्या कळ्या काही शेच असतात. आपल्या हजारो असतात. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. बॉयलरनं माझ्यासमोर अख्खी लवंगी मिरची गिळलेली आहे, पाणीसुद्धा न मागता. उकिरड्यावरचं काय काय ती खाते ते इथं लिहिता येणार नाही. अशा या जिभेनं माझी बॅच क्रमांक 4 नापसंत केली. मिलनं एक दाणा उचलला, खाली ठेवला आणि चोच गवताला पुसली. मग सगळ्या परातीच्या कडेनं चालत उकिरड्यावर गेल्या.

कोंबडी नव्या अन्नाला आधी बिचकते. कोरड्यात मूठभर मिसळून आठवडाभर सवय लावायची असते, हे जनावरांच्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. मी तसं केलंही. त्यांनी कोरडं तेवढं वेचून खाल्लं. आंबवलेलं इतकं अचूक बाजूला काढलं, की कारखान्याच्या प्रयोगशाळेत तसा माणूस मला कधी मिळाला नाही.

*

चैत्रात गच्चीवर बायकोच्या गव्हाची बादली आली. चाणाक्ष वाचकाला आता पुढचं दिसलं असेल. दोन बादल्या, दोन्हींत भिजलेले गहू, आणि घरात एक निवृत्त माणूस. तसं काही झालं नाही. बायकोनं तिच्या बादलीवर पाटा ठेवला आणि मला तीन दिवस गच्ची बंद केली. 40 वर्षांच्या संसारात तिनं ज्या दुर्घटना होऊ दिल्या नाहीत, त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी चीक काढून झाला. बायका घामाघूम. चीक गाळून घेतला की फडक्यात गव्हाचा चोथा उरतो. ओला, फिकट, तीन दिवस आंबलेला. ती ते मोठं घमेलं उचलून परसात आली. मी खुराड्यापाशी माझी नापास परात घेऊन बसलो होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं, परातीकडं पाहिलं. तिला काय वाटलं कोण जाणे. कदाचित दया आली असेल.

"आंबवलेलंच पाहिजे ना त्यांना?" ती म्हणाली, आणि घमेलं उपडं केलं.

मी घोडेबाजारात घोडे उधळलेले पाहिलेत, पण असं नाही. मिल, टर्बाइन, चिमणी, सगळ्या उडत आल्या. खुडूक बॉयलर तीन आठवड्यांनी अंड्यांवरून उठली आणि पंख पसरून धावली. भोंगा आधी सगळ्यांना हाक मारायची असते हे विसरून स्वतःच चोच घालून उभा राहिला. दहा मिनिटांत जमीन स्वच्छ.

मी धावत आत गेलो, पट्टी आणली, घमेल्याच्या कडेला चिकटलेल्या चोथ्याला लावली. सामू 4. माझ्याइतकाच! मी वहीत लिहायला लागलो. दाण्याचा आकार, चोथ्यातला ओलावा, पाणी बदलल्यामुळं सौम्य झालेला वास, गव्हाचं साल मोकळं झाल्यानं वाढलेली रुची. पान भरलं. त्या नादात मला एका गोष्टीची शुद्ध राहिली नाही.

तेव्हापासून कोंबड्यांना बादलीतलं चालायला लागलं. चोथ्यानं त्यांना सवय लावली का माझ्यावर विश्वास बसला, ते वहीत सिद्ध झालेलं नाही. सांडलवंड थांबली. अंडं 23 वरनं 14 रुपयांवर आलं. बाजारभाव अजून त्याच्या निम्म्यावर आहे, पण दिशा योग्य आहे, असं आम्ही कारखान्याच्या अहवालातही लिहायचो.

*

आषाढात तुकोबारायांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला आली. गावात रिंगण झालं आणि आमच्याकडं नेहमीसारखे वीस-बावीस वारकरी उतरले. त्या दिवसांत घरात अंडं शिजत नाही. कोंबड्यांना पंचांग नसल्यानं त्या आपलं काम करत राहतात आणि कपाटामागच्या टोपलीत अंडी फडक्याखाली साचत जातात.

दिंडीतली एक आजी हात धुवायला परसात गेली. निळ्या बादलीपाशी थांबली, वाकली, वास घेतला.

"म्हैस व्यालीय जनू," ती म्हणाली. "आंबोन झ्याक जमलंय."

सरकी, पेंड, कोंडा भिजवून दुभत्या जनावरापुढं ठेवतात ते आंबोण. हा शब्द मी लहानपणी रोज ऐकला होता. सहा महिने वही भरत होतो, पण रकान्यात तो कधी आला नाही.

"म्हैस नाही, आजी. कोंबड्यांसाठी आहे."

आजीनं माझ्याकडं वरून खालपर्यंत पाहिलं. "कोंबड्यास्नी आंबोन?" ती म्हणाली. "विठ्ठल विठ्ठल."

बाहेर पाऊस लागला होता. पंगत बसली. गरम भात, आमटी, वर तुपाची धार. बायको तळलेल्या कुरडयांचा डोंगर घेऊन आली, पांढऱ्या, फुललेल्या. वारकऱ्यांनी वाहवा केली. मी वाट बघत बसलो. दुसऱ्या भाताला राहवलं नाही.

"अगं, भुसवड्या?"

"यंदा नाहीत."

"का?"

"भुसवड्या कशाच्या करतात?" तिनं विचारलं.

मी विचार केला. कुरडईचा चीक काढला की जो चोथा उरतो, त्यात तिखट, लसूण, जिरं घालून...

ती काही बोलली नाही. हातातल्या झाऱ्यानं तिनं फक्त परसाकडं खूण केली. खुराड्याच्या दारात वळचणीखाली बॉयलर बसली होती, डोळे अर्धवट मिटून, तृप्त. भोंगा आरवला. थोड्या वेळानं, आपलं चुकलं म्हणून, परत आरवला.